वाजवणाऱ्याचा दर



रेकॉर्डिंगला वाजवायचं काम कसं मिळतं, हा प्रश्न वस्तीतली पोरं आम्हाला सतत विचारतात. मिरवणुकीत बँजो वाजवणारी पोरं, ब्रास बँडमध्ये ट्रम्पेट फुंकणारी पोरं, विहारात वंदना संपल्यावर ढोलकी पुढ्यात घेणारी पोरं. यांचा हात तयार असतो. पण अंधेरी-ओशिवऱ्याच्या गल्ल्यांतल्या स्टुडिओचं दार कुठून उघडतं, ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. आम्ही चौघं कल्याणच्या पुढच्या एका वस्तीतले. एकजण ढोलकी आणि ढोलक वाजवतो, एकजण हलगी, संबळ, दिमडी, एकजण कीबोर्ड, आणि आमच्यातली एकटी मुलगी ऑक्टोपॅड. बारा वर्षं याच कामावर घर चालवतो आहोत. कधी बरं चालतं, कधी रिक्षा चालवून भर घालावी लागते. तेव्हा जे माहीत आहे ते सांगतो. मात्र या धंद्यात जात कुठे कुठे दबा धरून बसली आहे ते वगळून नुसता मार्ग सांगणं म्हणजे पोरांची फसवणूक होईल. त्यामुळे दोन्ही एकत्रच वाचावं लागेल.

आधी काम काय आहे ते. सिनेमा, मालिका, जाहिरात, भक्तिगीत, भीमगीत, यूट्यूबवरचं लग्नाचं गाणं, काहीही असो, संगीतकार चाल करतो, अरेंजर वाद्यांची मांडणी करतो आणि मग वादकांना शिफ्टवर बोलावलं जातं. तुम्ही जाता, हेडफोन लावता, कानात क्लिक टक्-टक् वाजत असते, समोर कागद असतो किंवा काच पलीकडून कुणीतरी तोंडाने बोल म्हणून दाखवतो, आणि तुम्ही वाजवता. दोन तासांत चार गाणी होतात, कधी एकाच गाण्याच्या सोळा मात्रांवर दिवस जातो. पैसे घेता आणि निघता. गाणं नंतर लाखो लोक ऐकतात, त्यात तुमचं नाव नसतं. यालाच सेशन म्युझिशियन म्हणतात. आपल्या जुन्या भाषेत साजिंदा.

हे काम कुणाला मिळत आलं, हा इतिहास आपण वाचायला हवा, कारण त्यात 'गुणवत्ता' या शब्दाची सगळी पोल आहे. 1940 ते 1980 च्या दशकांत मुंबईच्या सिनेसंगीतातल्या वाद्यवृंदात गोव्याचे ख्रिश्चन वादक मोठ्या संख्येने होते. व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, आणि मुख्य म्हणजे अरेंजरची खुर्ची. का? गोव्याच्या माणसाच्या हाडात सूर असतो म्हणून? नाही. पोर्तुगीज काळात गोव्याच्या चर्चला जोडून पॅरिश शाळा होत्या आणि तिथे लहान पोरांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवलं जाई. मुंबईच्या स्टुडिओला पन्नास माणसं एकाच वेळी कागद बघून वाजवणारी हवी होती. कागद वाचता येणारे गोव्यात होते. ताडदेवला फिल्म सेंटरमध्ये किंवा वांद्र्याला मेहबूबमध्ये ते भरले गेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले एक थोर व्हायोलिनवादक. प्यारेलाल त्यांचे शिष्य, आणि 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या त्या प्रसिद्ध गाण्यातून शिष्याने गुरूचं नाव देशभर पोहोचवलं. पण किती लोकांना ठाऊक होतं की हे नाव एका खऱ्या वादकाचं आहे? गोव्याच्या त्या वादकांबद्दल आम्हाला आदर आहे. त्यांचीही नावं पडद्यावर आली नाहीत. आमचा मुद्दा एवढाच की त्यांना दार उघडून मिळालं ते एका संस्थेने लहानपणी अक्षर शिकवलं म्हणून. आपल्या वस्तीत ते अक्षर कुणी आणलं?

आता दार कसं उघडतं ते. जाहिरात निघत नाही. अर्ज नसतो. अरेंजर किंवा कोऑर्डिनेटरच्या फोनमध्ये दहा नावं असतात, त्यांतल्या पहिल्याला फोन जातो. तो रिकामा नसेल तर तो आपला भाऊ, मेव्हणा, शिष्य किंवा गाववाला सुचवतो. म्हणजे तुमचा पहिला फोन कधीच तुमच्यासाठी नसतो, तो दुसऱ्या कुणाच्या बदलीचा असतो. आमच्या ढोलकीवाल्याची पहिली शिफ्ट अशीच मिळाली. एका ज्येष्ठ वादकाला एकाच दिवशी दोन ठिकाणी बोलावणं होतं, तो आमच्याच वस्तीतल्या एका भीमगीताच्या रेकॉर्डिंगला कधीकाळी आला होता, त्याने नाव सुचवलं. 800 रुपये मिळाले आणि ठाण्याहून परतीची शेवटची लोकल. ही ओळखीची साखळी म्हणजे काही कारस्थान नाही. घाईचं काम असतं, स्टुडिओचं भाडं तासावर चढत असतं, नवख्याला कुणी कशाला घेईल? पण ओळख कुणाची कुणाशी असते? ज्यांच्या घरी उठबस असते त्यांच्याशी. लग्नाकार्याला जे एकमेकांकडे जेवतात त्यांच्याशी. बंदिस्त पंगतीतून जी नावं फिरतात त्यांत आपलं नाव यायला कुणीतरी पंगत मोडावी लागते. आम्हाला संधी देणारा तो ज्येष्ठ वादक मुसलमान होता, हेही इथे नोंदवून ठेवतो.

स्टुडिओत पोहोचल्यावर मग ठरलेला प्रश्न येतो. "पूर्ण नाव काय रे?" आमच्यातल्या दोघांची आडनावं गावावरून पडलेली आहेत, त्यामुळे अंदाज लागत नाही. मग दुसरा प्रश्न, "गाव कुठलं?" आणि तिसरा, "गावात कुठे?" तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं की बहुतेक वेळा वाईट काही घडत नाही. उलट कौतुक होतं. "अरे वा, म्हणजे तुमच्या रक्तातच ताल आहे!" हे कौतुक ऐकून आमचा हलगीवाला सुरुवातीला खूश व्हायचा. आता तो शांतपणे सांगतो, "रक्तात नाही दादा, रोज पहाटे चार तास वाजवलंय." हा फरक बारीक वाटेल, पण दराचा सगळा खेळ त्यात आहे. विद्या कमावलेली असेल तर तिचा मोबदला द्यावा लागतो. रक्तात असेल तर ती फुकट मिळालेली वस्तू, तिचे कसले पैसे? ज्याच्या घराण्यात तबला आहे त्याला 'घराणं' म्हणतात आणि बिदागी वाढवतात. ज्याच्या घरात तीन पिढ्या हलगी आहे त्याला 'रक्त' म्हणतात आणि दर कमी करतात. अमेरिकेतल्या काळ्या वादकांनी हेच ऐकलं आहे, त्यांच्याही अंगात म्हणे निसर्गतः ऱ्हिदम असतो.

आणि मग येतो खाचा. तुम्ही हलगी वाजवता म्हणजे 'फोक'वाले. हिंदी गाण्यात गावची जत्रा आली, गुंड आला, मिरवणूक आली की तुम्हाला फोन. आमचा कीबोर्डवाला स्वरलिपी वाचतो, पाश्चात्त्य हार्मनी शिकला आहे, पण त्याला कीबोर्डसाठी अकरा महिने एकही फोन आला नव्हता. त्याच काळात त्याला झांज वाजवायला पाच वेळा बोलावलं, कारण तो 'त्या ग्रुपमधला'. आमच्या ऑक्टोपॅडवालीचं आणखी वेगळं. ती वाद्य खांद्यावर टाकून दारात उभी राहते आणि कुणीतरी विचारतं, "कोरसला आलात का?" रात्री दीडला शिफ्ट संपल्यावर तिने घरी कसं जायचं याचा विचार दर ठरवताना कुणी करत नाही. आम्ही आता तिच्या शिफ्टचे पैसे सांगताना टॅक्सीचे पैसे वेगळे सांगतो. काहीजण नाक मुरडतात. मुरडू द्या.

कामाचे काही बारकावेही सांगून ठेवतो, पोरांनी लक्षात ठेवावेत. ढोलकी एक नेऊन भागत नाही. गायकाचा सूर काळी दोन आहे की पांढरी पाच हे आधी कळतंच असं नाही, तेव्हा वेगवेगळ्या सुरांत लागलेल्या दोन-तीन ढोलक्या बरोबर हव्यात. हलगीचं कातडं एसीच्या गारव्यात सैल पडतं. गावात आपण जाळ करून शेकतो, स्टुडिओत जाळ केला तर वॉचमन बाहेर काढेल. आम्ही शेगडीऐवजी केस वाळवायचं मशीन नेतो, आणि एक हलगी प्लास्टिकच्या पानाची ठेवतो. मिरवणुकीतला वादक लयीला पुढे ओढतो, कारण पुढे नाचणारी पोरं असतात. क्लिकवर तसं केलं की पहिल्या टेकमध्येच घरी. तेव्हा रोज अर्धा तास मोबाईलवरच्या मेट्रोनोमबरोबर वाजवा, अगदी संथ लयीत, कंटाळा येईपर्यंत. आणि वेळेआधी पंधरा मिनिटं पोहोचा. "यांचं असंच असतं" हे वाक्य आपल्यातल्या एकाच्या उशिरावरून आपल्या सगळ्यांना चिकटतं, दुसऱ्यांच्या उशिराला ट्रॅफिक कारण असतं.

घरून रेकॉर्ड करून पाठवायचं काम अलीकडे वाढलंय. एक साधा ऑडिओ इंटरफेस, दोन माईक, भिंतीला गोधड्या. आमची खोली दहा बाय बाराची आहे, शेजारी पिठाची गिरणी. त्यामुळे रात्री एक ते चार हीच आमची शिफ्ट. सुरुवातीला शेजाऱ्यांनी तक्रार केली, मग त्यांच्याच पोराला माईक लावायला शिकवलं. हे काम चांगलं, कारण ईमेलवर गावात कुठे राहता हे कुणी विचारत नाही.

पण याच तंत्राने आमच्या पोटावर कसा पाय दिला तेही ऐका. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी आमच्या हलगीवाल्याला पूर्ण दिवस बोलावलं. गाणं नव्हतं. त्याला सांगितलं, 90 च्या लयीत आठ मात्रा वाजव, आता 95, आता 100, आता कडक, आता हलक्या हाताने, आता एकेक थाप सुटी. संध्याकाळपर्यंत शे-दोनशे तुकडे झाले. नेहमीपेक्षा दुप्पट पैसे दिले, वर जेवण. त्याला आनंद झाला. त्या तुकड्यांची सॅम्पल लायब्ररी तयार झाली. आता कुठलाही प्रोग्रॅमर माऊस फिरवून त्याची हलगी हव्या त्या लयीत वाजवतो. दोन वर्षांनी एका जाहिरातीत आम्ही ती ऐकली आणि आमच्या हलगीवाल्याने स्वतःचा हात ओळखला, डाव्या काडीची त्याची एक लकब आहे. ती हलगी अजून वाजते आहे, तिच्या मालकाला मात्र त्या ठिकाणाहून पुन्हा फोन आला नाही. एका दिवसाच्या मजुरीत त्याने आयुष्यभराची बदली स्वतःच देऊन टाकली होती, आणि तसं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कागदावर सही घेतली होती, कागद इंग्रजीत होता.

जेम्स ब्राऊनचं 1970 चं 'फंकी ड्रमर' हे गाणं शोधून ऐका. त्यात मध्येच सगळी वाद्यं थांबतात आणि क्लाईड स्टबलफिल्ड नावाचा काळा ड्रमर काही सेकंद एकटाच वाजवतो. तो तुकडा पुढे हिपहॉपच्या शेकडो गाण्यांत उचलला गेला. पब्लिक एनिमीपासून कितीतरी जणांची गाणी त्यावर उभी राहिली. स्टबलफिल्डला त्यातून रॉयल्टी मिळाली नाही, कारण कागदोपत्री तो गाण्याचा लेखक नव्हता, नुसता वादक होता. डेट्रॉईटच्या मोटाऊन कंपनीच्या गाण्यांमागे वाजवणारा फंक ब्रदर्स नावाचा ताफा होता, बहुतेक काळे वादक. वर्षानुवर्षं त्यांची नावं तबकडीच्या वेष्टनावर छापली गेली नाहीत. मार्विन गेच्या 1971 च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर ती आली तेव्हा लोकांना कळलं की एवढी गाणी वाजवणारी माणसं कोण होती. लक्षात घ्या, मोटाऊन ही काळ्या मालकाची कंपनी होती. मालक आपला असला म्हणजे वादकाचा प्रश्न सुटतो असं नाही. यावर पुढे येतोच, कारण हा आपल्याही घरातला प्रश्न आहे.

कायदा काय म्हणतो? आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 साली कलावंताचे, म्हणजे परफॉर्मरचे, हक्क आले. 2012 च्या दुरुस्तीने ते वाढले. सिनेमात वाजवायला तुम्ही लेखी संमती दिली असली तरी तुमच्या वादनाचा व्यापारी वापर झाला तर रॉयल्टीचा हक्क राहतो, असं त्यात आहे. नंतर 2013 मध्ये गायकांची हक्कसंस्था उभी राहिली आणि पुढे तिने वादकांनाही आत घेतलं. हे वाचून आनंद होतो. पण त्याच कायद्यात परफॉर्मरच्या व्याख्येला एक शेपूट आहे. सिनेमात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत येत नाही, तो परफॉर्मर धरला जाणार नाही. त्याच्याकडे उरतो फक्त आपल्या वादनाची मोडतोड रोखण्याचा हक्क. पुन्हा वाचा. धंद्याचा रिवाज म्हणजे काय? आमचं नाव न छापणं हाच रिवाज. आम्ही वाजवलेलं 'किरकोळ' होतं की नाही हे ठरवायला बसलेला माणूसही त्याच रिवाजातला. रूढीलाच पुरावा मानायची ही पद्धत आपल्या लोकांना नवी नाही. त्यामुळे 'नाव टाका' ही मागणी हौसेची समजू नका. नाव हा पुढच्या पैशाचा पुरावा आहे.

मुंबईत वादकांची संघटना आहे, सिने म्युझिशियन्स असोसिएशन. जुन्या काळात शिफ्टचे दर आणि वेळा बांधून घेण्यासाठी तिने झगडे केले आहेत. ज्यांना जमेल त्यांनी तिथे जरूर सभासद व्हावं. पण आपली बहुतेक पोरं जिथे वाजवतात, ते उल्हासनगर-वसई-पुण्याकडचे छोटे स्टुडिओ, यूट्यूब चॅनलवाले, प्रादेशिक कॅसेटवाल्यांचे आजचे वारसदार, तिथे संघटनेचा हात पोचत नाही. 'सैराट'साठी 2016 मध्ये पाश्चात्त्य वाद्यवृंद लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित झाला याचा आपल्याला केवढा अभिमान वाटला! त्या देशात वादकांची संघटना 1896 पासून आहे. संघटनेच्या करारावर वाजवलेल्या सिनेमाचं पुढे टीव्हीवर, डिस्कवर प्रदर्शन झालं तर वादकाला वर्षानुवर्षं त्यातला वाटा देणारा एक निधी आहे. सूर तिकडचे आणले, तर दराची पद्धतही आणायला कुणी अडवलं होतं?

आता आपल्या घरात येऊ. हा भाग काहींना झोंबेल.

आपल्या आज्या-पणज्यांनी गावात वाजवायला नकार दिला. मांग, महार, होलार, ज्या ज्या जातीवर वाजवण्याची सक्ती होती तिथे तिथे बाबासाहेबांच्या चळवळीच्या काळात हलग्या खुंटीवरून उतरल्या नाहीत, आणि त्यासाठी गावाने बहिष्कार टाकले, पाणी तोडलं, पिकं जाळली. आजही काही ज्येष्ठ कार्यकर्ते आमच्या हातात हलगी बघून विचारतात, "आम्ही टाकलेलं पुन्हा कशाला उचललंत?" प्रश्न बरोबर आहे, त्याचं उत्तर द्यायला हवं. त्यांनी टाकलं काय होतं? कातडं आणि लाकडाचं कडं? बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आणलं, तेव्हाचं त्यांचं दुखणं बघा. वतनदार महाराला चोवीस तास राबवलं जातं, तो नसेल तर त्याच्या घरातल्या कुणालाही धरून नेलं जातं, मोबदल्याचा हिशेब नाही, बलुतं मिळेल तर मिळेल. बलुत्याच्या जागी रोख रक्कम ठरावी अशी तरतूद त्या विधेयकात होती. म्हणजे झगडा होता जन्माने ठरलेल्या, दर नसलेल्या, नाही म्हणता न येणाऱ्या कामाशी. पुढे 1942 ते 1946 मजूरमंत्री असताना कामाचे तास बांधून देण्याच्या मागे लागलेला माणूस हाच. आम्ही हलगी वाजवतो ती ठरलेल्या दराने, ठरलेल्या तासांना, आणि नको त्या कामाला नाही म्हणण्याची मुभा ठेवून. मारुतीच्या पालखीपुढे फुकट वाजवायला आजही आम्ही जाणार नाही. ज्या दिवशी आम्ही दर न ठरवता स्टुडिओत जाऊ, त्या दिवशी ज्येष्ठांचा आक्षेप खरा ठरेल. "एक्सपोजर मिळेल", "पुढचं काम तुम्हालाच", ही बलुत्याची नवी नावं आहेत.

मग आपल्या स्टेजवर काय होतं? जलशांनी बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला. भीमराव कर्डकांच्या काळापासून वामनदादांपर्यंत, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमपांपर्यंत आपण अभिमानाने नावं घेतो. त्यांच्या मागे बसलेल्या ढोलकीवाल्याचं नाव कुणाला येतं? गाणाऱ्यांचंही काही बरं झालं असं नाही, वामनदादांनी हजारो गीतं दिली आणि दारिद्र्यात दिवस काढले. भीमगीतांच्या कॅसेट लाखांनी खपल्या, सहा डिसेंबरला दादरला ढिगांनी विकल्या गेल्या, आणि वादकाला एका शिफ्टचे पैसे देऊन विषय संपला. त्या काळाचं जाऊ द्या. आज जयंती समितीच्या अंदाजपत्रकात डीजेला, लायटिंगला, बॅनरला आकडा असतो. मुख्य गायकाला पाकीट असतं. साजिंद्यांच्या रकान्यात लिहिलेलं असतं 'समाजाचं काम'. आम्ही ही अंदाजपत्रकं पाहिली आहेत, एका समितीच्या हिशेबाला आमच्यातलाच एकजण बसतो. बॅनर छापणारा समाजाचा नसतो, म्हणून त्याला पैसे मिळतात. आपण समाजाचे, म्हणून फुकट. हा कुठला न्याय?

लगेच कुणी म्हणेल, चळवळीत पैसा आणला की चळवळ बिघडते. आम्ही चळवळीसाठी फुकट वाजवतो, अजूनही वाजवतो. अत्याचाराच्या विरोधात मोर्चा असला, संपातल्या सफाई कामगारांची सभा असली, तर बोलावणं यायच्या आधी जातो. कारण तिथे कुणालाच पैसे नसतात. जिथे एकाला पैसे आहेत आणि दुसऱ्याला पुण्य, तिथे आम्ही विचारणार. पुण्याच्या बदल्यात श्रम मागणारा धर्म आपण 1956 ला नागपुरात सोडून आलो.

गोव्याच्या पॅरिश शाळांची गोष्ट वर सांगितली ती यासाठी की आपल्याकडेही इमारती आहेत. जवळजवळ प्रत्येक वस्तीत विहार आहे, आठवड्यातले कितीतरी तास तो बंद असतो. आमच्या वस्तीत आम्ही रविवारी सकाळी वंदनेनंतर दोन तास मागून घेतले. फळा आहे, एक जुना कीबोर्ड आहे, मोबाईलचा मेट्रोनोम स्पीकरला जोडतो. भातखंडे पद्धतीची स्वरलिपी आणि पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन दोन्ही शिकवतो, कारण स्टुडिओत कुठला कागद पुढे येईल सांगता येत नाही. सध्या चौदा पोरं-पोरी येतात. पहिल्या महिन्यात सगळ्यांना वाटलं गाणी वाजवायला मिळतील, आणि आम्ही टाळ्यांवर मात्रा मोजायला लावल्या, तेव्हा निम्मी गळाली होती. दोघी आता चार मात्रांचा साधा कागद बघून वाजवतात. त्यांतली एक नववीत आहे, तिला ढोलकी नको आहे, तिला व्हायोलिन शिकायचं आहे. आमच्यापैकी कुणालाच ते येत नाही. वाशीला एक शिक्षक आहेत, फी परवडत नाही, समितीच्या डीजेच्या खर्चातला एक तासही कमी केला तर तिची वर्षाची फी निघेल. तसा अर्ज दिला आहे.

तोपर्यंत आम्ही कामाला जाताना एक कागद वापरतो, मराठीत, एका पानाचा. वादकाचं नाव आणि वाद्य, शिफ्ट किती तासांची आणि त्यापुढे तासाला किती, रक्कम आणि ती कधी मिळणार, वाजवलेलं कुठल्या गाण्यात वापरणार. त्याखेरीज सुटे तुकडे करून इतरत्र वापरायचं असेल तर वेगळा करार. नाव कुठे येणार. खाली दोघांच्या सह्या. सोबत पॅन नंबर टाकून बिल, म्हणजे टीडीएस कापला तरी तो आपल्या नावावर जमा होतो आणि परत मागता येतो. हे बिल नसल्याने आपल्या कितीतरी पोरांच्या मजुरीतून कापलेले पैसे कुणाच्या खात्यात गेले ते त्यांनाच माहीत नाही. मोठ्या स्टुडिओत हा कागद पाहून कुणी चिडत नाही, त्यांच्याकडे त्यांचा असतो. त्यातली वापराची ओळ मात्र नीट वाचायची, समजली नाही तर सही उद्या करू म्हणायचं. छोट्या ठिकाणी थोडी कुरकुर होते. दोन कामं यावरून गेली आमची, सात टिकली.

या वर्षी 14 एप्रिलच्या कार्यक्रमांसाठी तोच कागद आम्ही तीन जयंती समित्यांना पाठवला. एका समितीने त्याच दिवशी सही केली आणि निम्मी रक्कम आगाऊ दिली. दुसरीचं अंदाजपत्रक खरोखर लहान होतं, तिथे आम्ही दोघंच गेलो आणि त्यांना परवडेल तो दर लिहिला, पण लिहिला. तिसऱ्या समितीच्या अध्यक्षांनी फोन करून विचारलं, "बाबासाहेबांच्या जयंतीला कागद कसला मागता?" आम्ही म्हटलं, डीजेवाल्याने तुमच्याकडून घेतला आहे तसलाच. ते म्हणाले, बघून सांगतो.